समुद्रातल्या जमिनीचा हिशेब मागणारे वीर नरिमन

मुंबईतील एका काळच्या सर्वांत महागड्या व्यापारी भागाला बॅरिस्टर, वकील, उद्योगपती किंवा गव्हर्नर यांपैकी कोणाचे नाव मिळावे, असा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर उद्योगपतीचे किंवा गव्हर्नरचे आले असते. प्रत्यक्षात ते मिळाले एका वकिलाला. आणि तोही असा वकील, की ज्याने हा भाग ज्या भरावातून निर्माण झाला त्या भरावाच्या कारभारावर जाहीर आरोप केले, त्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे पत्करले. खुर्शेद फ्रामजी नरिमन हे त्यांचे नाव. मुंबईकर त्यांना वीर नरिमन म्हणत.

अहमदपूर, उदगीर, कंधार या भागांतला माणूस सरकारी कामासाठी लातूर किंवा नांदेड गाठतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून तो हुतात्मा चौकावरून मंत्रालयाकडे निघतो. वाटेत त्याला वीर नरिमन मार्ग लागतो. मंत्रालय, विधानभवन आणि त्यांच्या पलीकडचा नरिमन पॉइंट हा सारा परिसर मिळून राज्याच्या कारभाराचे आणि मोठ्या व्यापाराचे केंद्र बनला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा तोवर हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात मोडणाऱ्या अहमदपूर तालुक्याची राजधानीही हैदराबादहून मुंबईला गेली. तेव्हापासून या तालुक्याचे अर्ज, फायली आणि शिष्टमंडळे ज्या जमिनीवर जाऊन पोहोचतात, ती जमीन शंभर वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्याखाली होती. ती पाण्याबाहेर कशी आली, तिच्यासाठी कोणाचा पैसा खर्ची पडला आणि त्याचा जाब कोणी विचारला, ही हकीकत नरिमन यांच्या चरित्राशी निगडित आहे.

कोटाआडचे शहर

मुंबई बेट १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक दहा पौंड भाड्याने दिले. कंपनीने बंदराच्या काठी किल्ला उभारला. अठराव्या शतकात त्याभोवती तटबंदी आणि खंदक झाले. तटाला तीन मुख्य दरवाजे होते. दक्षिणेकडचा अपोलो गेट, उत्तरेकडचा बाजार गेट आणि सेंट थॉमस चर्चच्या दिशेचा चर्चगेट. आजचे चर्चगेट स्थानक त्या दरवाजाचे नाव चालवते. दरवाजा मात्र आज हुतात्मा चौक आहे त्याच्या आसपास होता. कोटाच्या आत पेढ्या, गोदामे, वखारी आणि टाऊन हॉल. टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात कापसाचे ढीग पडत आणि तेथेच सौदे होत. मुंबईचा व्यापारी गाभा तो हाच. आजही मुंबईकर या भागाला फोर्ट किंवा कोट म्हणतात, ते त्या नाहीशा झालेल्या तटामुळे.

१८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडण्याचा निर्णय अमलात आणला आणि शहराला हातपाय पसरायला जागा झाली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाल्याने वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाला गुंतवणुकीची वाट हवी होती आणि ती समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांमध्ये सापडली. कुलाब्यापासून मलबार हिलपर्यंतच्या अर्धवर्तुळाकार उपसागराला बॅक बे म्हणत. तो बुजवण्यासाठी निघालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या समभागाचा भाव पन्नास हजारांवर गेला. सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद होते. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ आली, तेव्हा मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. बॅक बे कंपनीही त्यात गेली. समुद्राकाठचा एक अरुंद पट्टा तेवढा बुजला आणि तो पुढे रेल्वेच्या कामी आला.

समुद्रातून जमीन काढण्याचे स्वप्न मात्र बुडाले नाही. पूर्वेकडे पोर्ट ट्रस्टने गोदीच्या कामातून निघालेल्या मातीचा भराव घालून बॅलार्ड इस्टेट उभी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे एकसारख्या उंचीच्या देखण्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या यशाने सरकारचा हुरूप वाढला.

लॉइड यांची योजना

१९१८ च्या अखेरीस सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर झाले. महायुद्धात गिरण्यांना बरकत आली होती, शहरात जागेची टंचाई भयंकर होती, भाडी अवाच्या सवा वाढली होती आणि कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते. लॉइड महत्त्वाकांक्षी आणि घाईचे गृहस्थ. त्यांनी १९२० मध्ये स्वतंत्र विकास खाते स्थापन केले, विकास कर्ज उभारले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासड्यांवर शहरकर बसवला. याच खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या, त्या बीडीडी चाळी म्हणून आजही ओळखल्या जातात. त्या नावातील अक्षरे म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट.

याच खात्याचे सर्वांत मोठे काम बॅक बेचे होते. एकूण ११४५ एकर जमीन आठ भागांत समुद्रातून काढायची, असा बेत. सल्लागार अभियंता म्हणून सर जॉर्ज बुकॅनन यांची नेमणूक झाली. कामाची पद्धत ऐकायला सोपी होती. समुद्रात दगडांची लांबलचक भिंत घालायची, बंदराच्या बाजूचा गाळ यंत्रनौकेने उपसायचा, तो नळांतून भिंतीच्या आतल्या बाजूस आणून सोडायचा आणि वर मुरूम टाकून जमीन पक्की करायची. भिंतीसाठी दगड कांदिवलीच्या खाणींतून रेल्वेने येऊ लागला. गाळ उपसणाऱ्या यंत्रनौकेला खुद्द गव्हर्नरचेच नाव देण्यात आले.

प्रत्यक्षात अंदाज चुकले. यंत्रनौकेने जेवढा गाळ रोज उपसावा असे गृहीत धरले होते, तेवढा ती उपसू शकली नाही. उपसलेला गाळही भिंतीच्या आत थांबेना. दगडांच्या फटींतून तो पुन्हा समुद्रात जाऊ लागला. म्हणजे एकदा काढलेल्या मातीसाठी दुसऱ्यांदा पैसा मोजावा लागत होता. खर्चाचे आकडे वर्षागणिक फुगत गेले आणि मुदत लांबत गेली. दरम्यान महायुद्धोत्तर तेजी ओसरली, जमिनीचे भाव उतरले आणि काढलेली जमीन विकून खर्च भरून येईल हा हिशेबही कोलमडला. १९२३ च्या अखेरीस लॉइड इंग्लंडला परतले. मागे राहिलेल्या कामाला मुंबईकरांनी लॉइडसाहेबांचा खुळेपणा असे नाव ठेवले.

हे पैसे इलाख्याच्या तिजोरीतले होते. त्या तिजोरीत शेतसारा भरणारा दख्खनचा आणि खानदेशचा शेतकरी होता आणि गासडीवर शहरकर सोसणारा कापूस व्यापारीही होता. मुंबईच्या समुद्रात किती गाळ पडला आणि किती वाहून गेला, याची विचारणा करण्याचा हक्क त्यांनाही होता. ती विचारणा करायला त्यांच्या वतीने कोणी तरी उभे राहणे गरजेचे होते.

हिशेब मागणारा वकील

खुर्शेद नरिमन यांचा जन्म १८८३ चा. मुंबईच्या पारशी समाजात दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा अशी राजकारणातील मोठी परंपरा होती. पण ती नेमस्तांची. असहकाराच्या चळवळीनंतर त्या समाजातील बहुसंख्य धनिक काँग्रेसपासून दूर राहिले. नरिमन यांनी उलटी वाट धरली. वकिली करता करता ते काँग्रेसच्या राजकारणात उतरले आणि १९२० च्या दशकात स्वराज्य पक्षाच्या वतीने मुंबई कायदे कौन्सिलात गेले. खादीचा वेष, फर्डे वक्तृत्व आणि समोरच्याला आडवेतिडवे प्रश्न विचारून निरुत्तर करण्याची वकिली हातोटी यांमुळे ते थोड्याच काळात लोकांच्या नजरेत भरले.

कौन्सिलातील सभासदाच्या हाती त्या काळी फारशी सत्ता नव्हती. अंदाजपत्रकातील अनेक बाबींना हात लावता येत नसे आणि गव्हर्नरचा शब्द अखेरचा असे. प्रश्न विचारणे, कागदपत्रे मागणे आणि चर्चा घडवून आणणे ही साधने मात्र उपलब्ध होती. नरिमन यांनी ती पुरेपूर वापरली. बॅक बेच्या कामावर किती पैसा गेला, यंत्रनौकेने खरोखर किती गाळ उपसला, ठेके कोणाला व कोणत्या अटींवर दिले, मोजमापे कोणी तपासली, असे प्रश्न त्यांनी लावून धरले. बॉम्बे क्रॉनिकलसारख्या राष्ट्रीय वृत्तपत्राने या प्रकरणाला वाचा फोडली. योजना फसली आहे एवढेच म्हणून नरिमन थांबले नाहीत. कामात गैरव्यवहार झाला आहे आणि त्याला अधिकारी जबाबदार आहेत, असे त्यांनी उघडपणे म्हटले.

आरडाओरड इतकी वाढली की १९२६ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स तिचे अध्यक्ष होते आणि म्हैसूरचे माजी दिवाण, नामवंत अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिचे एक सभासद होते. समितीने योजनेतील ढिसाळपणा उघड केला. हाती घेतलेले चार भाग पुरे करावेत आणि उरलेल्यांचे काम थांबवावे, या दिशेने पुढचा निर्णय झाला. ११४५ एकरांच्या स्वप्नातून प्रत्यक्षात सुमारे ४४० एकर जमीन निघाली. त्यातली निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २३५ एकर, कुलाब्याकडे लष्कराला गेली.

नरिमन यांच्या आरोपांमुळे विकास खात्यातील हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. परकीय राजवटीत गोऱ्या अधिकाऱ्याने एका हिंदी वकिलाला न्यायालयात खेचल्यावर त्या वकिलाने दिलगिरी व्यक्त करून मोकळे व्हावे, असाच सल्ला बहुतेकांनी दिला असता. शिक्षा झाली तर तुरुंगवास होता आणि सनद जाण्याचेही भय होते. नरिमन मागे हटले नाहीत. आपण केलेले आरोप खरे आहेत आणि ते लोकहितासाठी केले आहेत, हाच त्यांचा बचाव होता. त्यामुळे खटला नावाला नरिमन यांच्यावर आणि प्रत्यक्षात बॅक बेच्या कारभारावर चालला. साक्षीपुरावे, नोंदवह्या, मोजमापे यांची चिरफाड भर न्यायालयात झाली आणि वृत्तपत्रांतून ती घरोघर पोहोचली. अखेर नरिमन निर्दोष सुटले. हार्वे-नरिमन खटला म्हणून हे प्रकरण मुंबईच्या इतिहासात नोंदले गेले आणि नरिमन यांच्या नावामागे वीर ही उपाधी लागली. रणांगणाशी किंवा बाँबशी काही संबंध नसताना ही उपाधी मिळवणारे ते विरळे पुढारी होते. त्यांचे शस्त्र म्हणजे सरकारी कामाचा हिशेब.

तरुणांचा पुढारी, शहराचा महापौर

खटल्याने नरिमन मुंबईच्या तरुणांचे आवडते पुढारी झाले. १९२८ च्या फेब्रुवारीत सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले तेव्हा झालेल्या बहिष्कारात युसूफ मेहेरअली यांच्यासारखे युवक आघाडीवर होते. त्यांच्या युवक संघटनेला नरिमन यांचे पाठबळ होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबई शहर पेटून उठले. चौपाटीवर मीठ तयार होत होते, आझाद मैदानावर लाठ्या चालत होत्या आणि कोटातील बाजार आठवड्यामागून आठवडे बंद राहत होते. या लढ्यात नरिमन मुंबई काँग्रेसचे एक प्रमुख सूत्रधार होते. त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. काँग्रेस कार्यकारिणीत त्यांना स्थान मिळाले आणि मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीची धुरा त्यांच्याकडे आली.

मोठ्या नेत्यांपुढे मान तुकवणे मात्र त्यांना जमले नाही. सविनय कायदेभंगाची चळवळ ओसरू लागली तेव्हा त्यांनी गांधीजींच्या धोरणावर जाहीर टीका केली. सरकारी अधिकाऱ्याला जाब विचारणारा माणूस पक्षातील वरिष्ठांनाही जाब विचारू लागला की पक्षाला तो अडचणीचा वाटतो. नरिमन यांच्या बाबतीत तसेच झाले. गांधीजींबद्दल त्यांच्या मनात आदर होता. पण आदर आणि मुकाट संमती यांत ते फरक करत.

१९३५ मध्ये नरिमन मुंबईचे महापौर झाले. योगायोगाने हाच काळ बॅक बेच्या भरावावर नवे शहर आकाराला येण्याचा होता. सरकारने पुरे केलेल्या भागात रस्ते आखले गेले, समुद्राकाठी मरीन ड्राइव्हचा रुंद मार्ग तयार झाला आणि त्याच्या कडेने एकसारख्या उंचीच्या, गोलाकार गच्च्यांच्या नव्या धर्तीच्या इमारती उभ्या राहिल्या. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेलाही तशाच इमारतींची रांग झाली. पूर्वेला विद्यापीठ व उच्च न्यायालयाच्या गॉथिक वास्तू आणि पश्चिमेला या नव्या वास्तू, अशा या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्या योजनेचे वाभाडे काढून नरिमन पुढे आले, तिच्यातून शहराला देखणे असे काही मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. समुद्र बुजवण्याला त्यांचा मूळ आक्षेप नव्हता. लोकांच्या पैशाने, बंद दाराआड आणि चुकीचे हिशेब पुढे करून ते काम चालावे, याला होता.

१९३७ चा निर्णय

नव्या कायद्यानुसार १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई इलाख्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. मुंबईतील लोकप्रियता, तुरुंगवास, कौन्सिलातील अनुभव आणि महापौरपद यांचा विचार करता ते पद नरिमन यांच्याकडे जाईल, अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात काँग्रेस विधिमंडळ पक्षाने बाळासाहेब खेर यांची नेतेपदी निवड केली. खेर सचोटीचे, शांत स्वभावाचे आणि सर्वांना चालणारे गृहस्थ होते. त्यांच्या पात्रतेविषयी वाद नव्हता. वाद होता तो निवडीच्या पद्धतीविषयी.

काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाची सूत्रे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हाती होती. त्यांनी वजन वापरून आपल्याला डावलले, असा नरिमन यांचा आरोप होता. पटेल यांच्या बाजूने असे सांगण्यात आले की नरिमन यांना सभासदांचाच पुरेसा पाठिंबा नव्हता. त्यातच १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीची आठवण जागी झाली. त्या वेळी मुंबईत काँग्रेसचे एक उमेदवार कन्हय्यालाल मुनशी पराभूत झाले होते आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले होते. त्या पराभवाला नरिमन यांची कुचराई कारणीभूत होती, असा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला.

वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. मुंबईच्या पारशी समाजात आणि नरिमन यांच्या चाहत्यांत संताप होता. अखेर हे प्रकरण गांधीजी आणि नामवंत कायदेपंडित डी. एन. बहादुरजी यांच्यापुढे गेले. बहादुरजी स्वतः पारशी होते. दोघांनीही पटेल यांना दोषमुक्त ठरवले आणि १९३४ च्या निवडणुकीबाबत नरिमन यांना दोषी मानले. त्यानंतर काँग्रेस कार्यकारिणीने जबाबदारीचे पद सांभाळण्यास नरिमन अपात्र असल्याचे जाहीर केले. सरकारी न्यायालयात निर्दोष ठरलेला माणूस स्वपक्षाच्या चौकशीत दोषी ठरला.

या निर्णयाचे पडसाद दीर्घकाळ उमटत राहिले. नरिमन यांच्यावर अन्याय झाला, असे मत मौलाना अबुल कलाम आझाद यांनी नंतर आपल्या आठवणींत नोंदवले आणि त्याचे कारण ते बहुसंख्य समाजाचे नव्हते हे असल्याचे सूचित केले. दुसरीकडे, नरिमन उतावळे होते, सहकाऱ्यांना धरून राहण्याची कला त्यांच्याकडे नव्हती आणि खेर यांच्या निवडीला महाराष्ट्र व कर्नाटकातील पुढाऱ्यांचा मनापासून पाठिंबा होता, असे म्हणणारेही थोडे नव्हते. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी एवढे उरतेच की, ज्या गुणांनी नरिमन यांनी एका सरकारी खात्याला नमवले, त्याच गुणांची पक्षाच्या व्यवहारात अडचण झाली. तडजोड न करणारा स्वभाव चौकशीच्या कामी येतो. मंत्रिमंडळ बनवायला निराळे कसब लागते.

पुढे नरिमन सुभाषचंद्र बोस यांच्या बाजूने गेले. १९३९ मध्ये सुभाषबाबूंनी काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देऊन फॉरवर्ड ब्लॉक काढला, तेव्हा नरिमन त्यात सामील झाले. मुख्य प्रवाहात त्यांना पूर्वीचे स्थान पुन्हा लाभले नाही. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ज्यांच्याशी नरिमन यांचे बिनसले होते ते सरदार पटेल उपपंतप्रधान झाले. ऑक्टोबर १९४८ मध्ये दिल्लीत नरिमन यांचे निधन झाले.

नाव आणि जमीन

त्यांच्या मृत्यूनंतर मुंबईने त्यांचे नाव जपले. हॉर्निमन सर्कलपासून हुतात्मा चौक आणि चर्चगेटवरून समुद्राकडे जाणारा रस्ता वीर नरिमन मार्ग झाला. हा रस्ता जुन्या कोटाला बॅक बेच्या नव्या भरावाशी जोडतो. एका टोकाला कापसाच्या सौद्यांचे जुने मैदान आणि दुसऱ्या टोकाला मरीन ड्राइव्ह. पुढे मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाच्या नव्या भरावालाही त्यांचेच नाव मिळाले. मरीन ड्राइव्हचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग आहे. पक्षाने दूर सारलेले दोन सहकारी अशा रीतीने मुंबईच्या नकाशावर एकमेकांशेजारी आले.

नव्या भरावाची कथा जुन्या वळणाने गेली. १९५५ मध्ये सचिवालयाची नवी इमारत बॅक बेच्या भूमीवर तयार झाली. पुढे तिचे नाव मंत्रालय झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर, १९२० च्या दशकात सोडून दिलेल्या भागांपैकी काहींचे काम सरकारने पुन्हा हाती घेतले. १९६० आणि ७० च्या दशकांत समुद्र आणखी मागे सरला आणि नरिमन पॉइंटवर उंच इमारती उभ्या राहू लागल्या. एक्स्प्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल, एअर इंडियाची इमारत या त्यांपैकी ठळक. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या कंपन्यांची मुख्यालये इकडे सरकली. १९८१ मध्ये शेजारीच नवे विधानभवन झाले.

याच काळात वेगळा आवाजही उठला होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६० च्या दशकात असे मांडले की शहराच्या दक्षिण टोकाला कचेऱ्या वाढवत नेल्या तर लाखो माणसांना रोज एकाच दिशेने जावे-यावे लागेल; त्यापेक्षा खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवे शहर वसवावे. त्यातूनच नवी मुंबईची कल्पना आली आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सरकारी कचेऱ्या मात्र तिकडे गेल्या नाहीत आणि नरिमन पॉइंटचा भराव चालूच राहिला. एकीकडे नव्या शहराची घोषणा आणि दुसरीकडे जुन्या टोकालाच मोलाचे भूखंड, हा विसंगत कारभार होता. लिलावाविना भूखंड दिल्याच्या प्रश्नावर १९७० च्या दशकात खासदार पिलू मोदी न्यायालयात गेले. नरिमन यांच्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, त्याच उपसागराच्या जमिनीबद्दल, आणखी एका पारशी लोकप्रतिनिधीने हिशेब मागितला. फरक इतकाच की आता सरकार आपले होते.

१९९० च्या दशकात नरिमन पॉइंटवरील कचेऱ्यांची भाडी जगातील सर्वांत महागड्या जागांच्या पंक्तीत जाऊन बसली. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत एअर इंडियाची इमारत लक्ष्य झाली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ओबेरॉय-ट्रायडेंट. दरम्यान बँका आणि वित्तसंस्था वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळू लागल्या होत्या. राष्ट्रीय शेअर बाजारही तिकडेच गेला. नरिमन पॉइंटचे व्यापारी तेज कमी झाले. सरकारी कारभाराचे केंद्र मात्र तो राहिला. २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागल्यानंतर जागेची टंचाई वाढली. एअर इंडियाची इमारत १६०१ कोटी रुपयांना घेण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

भराव संपलेला नाही. मरीन ड्राइव्हच्या उत्तरेकडून वरळीकडे जाणाऱ्या सागरी किनारा मार्गासाठी सुमारे १११ हेक्टर समुद्र बुजवण्यात आला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या मार्गाची पर्यावरणविषयक मंजुरी रद्द केली, त्याच वर्षाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि मार्च २०२४ मध्ये मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. कोळ्यांच्या मासेमारीचे काय, भरावावरची मोकळी जागा कोणासाठी, खर्च किती झाला, हे प्रश्न नागरिकांनी विचारले आणि त्यांपैकी काही अद्याप विचारले जातात.

अशा प्रश्नांची मुंबईतील परंपरा शोधायची तर ती नरिमन यांच्यापर्यंत जाते. मुंबईची जमीन ज्यांनी बुजवली, विकली आणि तिच्यावर मजले चढवले, त्यांची यादी मोठी आहे. त्यांतील अनेकांचे पुतळे झाले, अनेकांच्या नावे इमारती झाल्या. नरिमन यांच्या हाती यांपैकी काही नव्हते. त्यांच्याजवळ एक भूखंड नव्हता, मंत्रिपद त्यांना लाभले नाही आणि पक्षाने दिलेला ठपका पुसला जाण्याआधी लोकांना त्यांचा विसर पडू लागला. मागे उरले ते एका खटल्याचे उदाहरण. सरकारी काम कितीही अवाढव्य असले, तांत्रिक भाषेत कितीही गुंडाळलेले असले, तरी त्याचा हिशेब साध्या लोकप्रतिनिधीला मागता येतो आणि नेटाने मागितला तर मिळवता येतो, हे त्यांनी परकीय राजवटीत दाखवून दिले. पाझर तलाव असो, जलवाहिनी असो की रस्ता, आपल्या तालुक्यातील कामाची मोजमापे पाहायला मागणारा अहमदपूरचा एखादा नागरिक माहिती अधिकाराचा अर्ज भरतो, तेव्हा तोही त्याच वाटेने चाललेला असतो. त्या वाटेवर पहिल्या पिढीत चालणाऱ्यांना माहितीचा कायदा नव्हता. नरिमन यांच्यापाशी होती ती कौन्सिलातील एक खुर्ची आणि तुरुंगात जाण्याची तयारी.